जुन्या जोड-सिलिंडर बाइकचा फ्युएल मॅप: प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर

यांत्रिक काम पूर्ण. ६५० सीसीचं, हवेवर थंड होणारं पॅरलल ट्विन इंजिन, क्रँक ३६० अंशांचा, म्हणजे दोन्ही पिस्टन बरोबर वर जातात आणि बरोबर खाली येतात. दोन्ही कार्ब्युरेटर उतरवून त्यांच्या जागी दोन थ्रॉटल बॉडी बसवल्या, प्रत्येकीत मिनिटाला २४० सीसी सोडणारा एक इंजेक्टर. टाकीखाली पंप, ३ बारचा रेग्युलेटर, क्रँकवर ३६ दातांपैकी एक दात गाळलेलं चाक आणि ईसीयू (इंजेक्टर चालवणारा छोटा संगणक) म्हणून मायक्रोस्क्विर्ट. लॅपटॉपवर ट्यूनरस्टुडिओ, लॉग वाचायला मेगालॉगव्ह्यूअर. इथून पुढच्या नोंदी फक्त इंधनाच्या मॅपबद्दल आहेत, म्हणजे कोणत्या आरपीएमला आणि किती लोडला किती पेट्रोल सोडायचं ते ठरवणाऱ्या टेबलाबद्दल. त्या टेबलातल्या एकेका कप्प्याला मी घर म्हणतो.

पहिला आकडा हिशेबाने काढायचा असतो, अंदाजाने नाही. एका सिलिंडरचं आकारमान ३२५ सीसी. साधारण तापमानाला एवढ्या जागेत ०.३९ ग्रॅम हवा मावते. एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा धरली तर तिला ०.०२६५ ग्रॅम, म्हणजे साधारण ०.०३६ सीसी, पेट्रोल लागतं. इंजेक्टर सेकंदाला ४ सीसी सोडतो, त्यामुळे तो साधारण ९ मिलिसेकंद उघडा राहायला हवा. सॉफ्टवेअरने काढलेलं उत्तरही तेवढंच आलं. वरच्या टोकाला इंजेक्टर पुरतो का तेही तपासलं. ८००० आरपीएमला एका पूर्ण चक्राला १५ मिलिसेकंद मिळतात. जोरात चालवताना मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) लागतं आणि इंजेक्टर उघडायला लागणारा वेळही त्यात धरावा लागतो. दोन्ही मिळून आकडा ११.३ च्या आसपास जातो, म्हणजे पंचाहत्तर टक्के. पुरतो.

कॅमवर सेन्सर नाही, त्यामुळे कोणता सिलिंडर कोणत्या स्ट्रोकवर आहे हे ईसीयूला कळत नाही. दोन्ही इंजेक्टर एकदम आणि पूर्ण चक्राला एकदाच उघडायचे असं ठरवलं. दोनदा उघडले तर आयडलला (थ्रॉटल बंद, इंजिन नुसतं चालू) प्रत्येक फवारा इतका छोटा होतो की इंजेक्टरचं वागणं भरवशाचं राहत नाही.

९ ऑक्टोबर

आजचा सगळा दिवस वाइडबँड सेन्सरवर, म्हणजे एक्झॉस्टमधल्या वायूवरून मिश्रण मोजणाऱ्या सेन्सरवर गेला आणि तो जायलाच हवा होता. पुढचा प्रत्येक निर्णय या एका गेजवर बेतलेला असणार. गेज दोन टक्के खोटं बोलत असेल तर मॅपमधलं एकूण एक घर दोन टक्के खोटं होईल, आणि ते कुठेच दिसणार नाही.

सेन्सर बॉश एलएसयू ४.९. दोन्ही हेडर पाइपांना १८ मिमी गुणिले १.५ आट्याचा एकेक बंग (सेन्सर बसवायची आटेदार कडी) वेल्ड केला आहे, म्हणजे सेन्सर डावीकडून काढून उजवीकडे लावता येतो. बंग पाइपाच्या वरच्या अंगाला आहे. सेन्सर आडव्यापासून किमान १० अंश तरी वर कललेला हवा, नाहीतर थंड पाइपात जमलेलं पाणी तापलेल्या सिरॅमिकवर येतं आणि ते तडकतं. जो बंग वापरात नाही त्याला बूच, खाली तांब्याचा वॉशर.

आता वायरिंग. सेन्सरचा कंट्रोलर ० ते ५ व्होल्ट देतो. शून्याला लॅम्डा (मिळालेली हवा भागिले इंधनाला नेमकी लागणारी हवा) ०.५, पाचला १.५२. म्हणजे ०.१ व्होल्टचा फरक पडला की लॅम्डा ०.०२ ने सरकतो. मल्टिमीटरचं एक टोक कंट्रोलरच्या अर्थवर (ग्राउंड वायरवर), दुसरं ईसीयूच्या सेन्सर अर्थवर ठेवलं. सगळं बंद असताना काटा हलला नाही. पंप सुरू केला, हेडलाइट लावला, सेन्सरचा हीटर तापू लागला, आणि मीटर ९० मिलिव्होल्टवर गेला. फ्रेमच्या एका बोल्टवरून येणारी अर्थ एवढा करंट वाहून नेताना स्वतःच व्होल्टेज खात होती. दोन्ही अर्थ वायरी इंजिन ब्लॉकवरच्या एकाच बोल्टला आणल्या, टर्मिनलखालचा रंग खरवडून काढला. पुन्हा मोजलं, ८ मिलिव्होल्ट. एवढं चालतं.

मग हेडरच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून, सायलेन्सरच्या टोकाने हवा सोडून पाहिली. उजव्या फ्लँजला बारीक बुडबुडे येत होते. नवी गॅस्केट. सांध्यातून आत शिरलेली हवा सेन्सरला ऑक्सिजन म्हणूनच दिसते. इंजिन ठीक असताना गेज लीन (पेट्रोल कमी) दाखवतं, आणि आयडलला तर फारच.

मी सगळीकडे लॅम्डा लिहिणार आहे, एएफआर (हवा आणि पेट्रोलचं वजनी प्रमाण) नाही. सेन्सर मुळात लॅम्डाच मोजतो, गेज त्याला १४.७ ने गुणून एएफआर दाखवतं. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असेल तर खरा समतोल १४.१ च्या आसपास असतो, २० टक्के असेल तर साडेतेराच्या. लॅम्डा १ म्हणजे मात्र कुठल्याही इंधनाला पुरेपूर हवा, ना जास्त ना कमी.

११ ऑक्टोबर

दोन्ही थ्रॉटल बॉडी व्हॅक्यूम गेज लावून सिंक केल्या. आधी आयडलला, मग थोडी रेस देऊन. टीपीएस, म्हणजे थ्रॉटल किती उघडा आहे ते सांगणारा सेन्सर, पूर्ण बंद आणि पूर्ण उघड्या स्थितीत कॅलिब्रेट केला. केबलला थोडा ढिलेपणा ठेवला, कारण हँडल वळवल्यावर थ्रॉटल एक टक्का जरी उघडला तरी खालचा सगळा मॅप सरकतो.

१४ ऑक्टोबर

इंजिन सुरू झालं. आयडल ११०० वर, हेडचं तापमान स्थिरावल्यावर लॅम्डा ०.९३. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला आयडलला एवढं रिच मानवतं.

आज व्हीईला हात लावला नाही. व्हीई म्हणजे सिलिंडर प्रत्यक्षात किती टक्के भरतो तो आकडा, आणि इंजेक्टरचा डेड टाइम नक्की होईपर्यंत त्याला अर्थ नाही. विद्युत संकेत मिळाल्यापासून इंजेक्टर खरोखर उघडेपर्यंत जो वेळ वाया जातो, तो डेड टाइम. आयडलला एकूण पल्स २.२ मिलिसेकंद, त्यातला १ मिलिसेकंद डेड टाइम. इंधन फक्त उरलेल्या १.२ मध्ये जातं. डेड टाइम ०.१ ने चुकीचा धरला तर आयडलचं इंधन आठ टक्क्यांनी चुकतं, आणि तेवढीच चूक ६००० आरपीएमला एका टक्क्याच्या घरात राहते. म्हणून खालचा मॅप जमतो तेव्हा वरचा बिघडतो, वरचा जमवला की खालचा, आणि माणूस टेबल ओढत बसतो.

पडताळा सोपा आहे. इंजिन गरम, आयडलला, ईजीओ करेक्शन (सेन्सर पाहून ईसीयूने इंधन आपोआप दुरुस्त करणं) बंद. हेडलाइट आणि इंडिकेटर लावले की व्होल्टेज १४.० वरून १२.८ वर येतं. व्होल्टेज कमी झालं की इंजेक्टर उशिरा उघडतो. ईसीयूतली भरपाई बरोबर असेल तर लॅम्डा जागचा हलायला नको. माझ्याकडे तो ०.९३ वरून ०.९९ वर गेला. व्होल्टमागे ०.१ मिलिसेकंद होते, ते ०.१७ केले. आता दिवे लावा, विझवा, लॅम्डा ०.९३ लाच चिकटून राहतो.

१९ ऑक्टोबर

टेबलचे अक्ष कसे ठेवायचे, याचा निर्णय आज झाला. यावर मी बराच विचार केला आणि तो इथे नीट लिहून ठेवतो, कारण दोन थ्रॉटल बॉडीच्या इंजिनांवर बहुतेकांची गाडी इथेच अडते.

आडव्या अक्षावर आरपीएम, यावर वाद नाही. उभ्या अक्षावर काय? एक पर्याय मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला) दाब, म्हणजे स्पीड डेन्सिटी. दुसरा थ्रॉटल किती उघडा आहे ते, म्हणजे अल्फा-एन.

हा दाब मोजणाऱ्या एमएपी सेन्सरला दोन्ही थ्रॉटल बॉडींकडून बारीक नळ्या एका छोट्या डबीत आणल्या आहेत, म्हणजे दाबाचे हेलकावे थोडे शांत होतात. आजच्या लॉगवरून एक गोष्ट स्वच्छ दिसली. ३००० आरपीएमला थ्रॉटल १८ टक्के उघडला की दाब ९० किलोपास्कलवर पोचतो. तिथून पुढे थ्रॉटल शंभर टक्के उघडला तरी दाब जेमतेम दहाने वाढतो. म्हणजे हाताची निम्म्याहून जास्त हालचाल टेबलाच्या एका-दोन ओळींत कोंबली जाते. मोठ्या प्लेनमच्या कार इंजिनात असं होत नाही. इथे प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशीच थ्रॉटल आहे, मध्ये हवेचा साठा नाही.

मग फक्त थ्रॉटलवर चालावं का? वरच्या भागात ते उत्तम. पण खाली ३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर गेलं की हवा जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने वाढते. दोन ओळींमधला अंदाज तिथे उपयोगी पडत नाही, आणि केबल जराशी ताणली तरी आयडल बदलतं. शिवाय गाडी सखल भागात आहे की उंचावर हे थ्रॉटलला कळत नाही, दाबाला कळतं.

मायक्रोस्क्विर्टच्या फर्मवेअरमध्ये यासाठीच आयटीबी मोड आहे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल असलेल्या इंजिनांसाठीचा. खालच्या भागात लोड दाबावरून ठरतो, दाब वातावरणाच्या ९० टक्क्यांवर पोचला की पुढे थ्रॉटलवरून. कोणत्या आरपीएमला किती थ्रॉटलवर हा बदल व्हायचा, ती वक्ररेषा मात्र आपण द्यायची. ती लॉगमधूनच काढली. ३००० ला १८ टक्के, ४५०० ला २७, ६००० ला ३८. सांध्याच्या वरखाली टेबलाच्या ओळी दाट ठेवल्या, टोकांना विरळ.

२६ ऑक्टोबर

क्रूझिंगचे लॉग घ्यायला सुरुवात. रिकामा, सरळ रस्ता, पाठीवरच्या बॅगेत लॅपटॉप, ईसीयूशी ब्लूटूथने जोडलेला. चालवताना स्क्रीनकडे बघायचं नाही हा नियम. लॉग आपोआप भरतो, वाचन घरी. पूर्ण थ्रॉटलचं काम रस्त्यावर करायचं नाही, ते डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर चालवून मोजायच्या यंत्रावर).

पद्धत अशी ठेवली आहे. ईजीओ करेक्शन पूर्ण बंद. इग्निशन टेबल सावध आकड्यांवर गोठवलेलं, कारण इंधन आणि स्पार्क एकाच वेळी हलवले तर कशामुळे काय झालं ते कळत नाही. एका गिअरमध्ये, एका आरपीएमला, थ्रॉटल स्थिर धरून काही सेकंद, मग पुढचं घर.

लॉग गाळून घेणं हे निम्मं काम. हेडचं तापमान ठरावीक पातळीच्या खाली असतानाचे सगळे नमुने बाद. थ्रॉटल हलत असतानाचे बाद. थ्रॉटल सोडून उतरतानाचे बाद, कारण तिथे इंधन तोडलेलं असतं आणि सेन्सरला नुसती हवा दिसते. शिवाय एक उशीर गृहीत धरावा लागतो. वायू पोर्टपासून सेन्सरपर्यंत पोचायला आणि सेन्सरला उमजायला वेळ लागतो, कमी आरपीएमला जास्त. तो उशीर धरला नाही तर आधीच्या घराचा दोष पुढच्या घरावर लागतो.

गाळल्यावर गणित सरळ आहे. जुनी व्हीई गुणिले मोजलेला लॅम्डा भागिले हवा असलेला लॅम्डा. ४००० आरपीएमच्या एका घरात ६२ होते, लॅम्डा १.०३ आला, हवा होता ०.९६. उत्तर ६६.५. चालवताना तिथेच गाडी हलके हलके धक्के देत होती, थ्रॉटल स्थिर असूनही पुढेमागे होत होती. नवा आकडा घातल्यावर ते थांबलं.

मेगालॉगव्ह्यूअरचा आपोआप सुधारणारा पर्याय वापरला, पण त्याचं म्हणणं डोळे झाकून स्वीकारत नाही. ज्या घरात नमुने थोडे आहेत तिथे तो बिनधास्त मोठी उडी सुचवतो. अशी घरं शेजाऱ्यांकडे पाहून हाताने भरली. टेबल त्रिमितीत फिरवून पाहिलं की पृष्ठभाग टेकडीसारखा सलग चढत-उतरत जायला हवा. मध्येच सुळका किंवा खड्डा दिसला तर आधी लॉग पुन्हा वाचायचा, मग आकडा बदलायचा.

२ नोव्हेंबर

सेन्सर आज डाव्या हेडरवर. तोच मॅप, तोच रस्ता, तेच आरपीएम. उजवा ०.९६ दाखवत होता, डावा १.०० दाखवतो. आयडलपासून ५००० पर्यंत सगळीकडे चार टक्क्यांच्या आसपास फरक. दोन्ही सिलिंडरना एकच टेबल लागू आहे, तेव्हा उगम टेबलाबाहेर असणार.

फरक सगळीकडे सारखाच आहे, हाच पहिला धागा. थ्रॉटल सिंक बिघडलेलं असतं तर फरक खाली मोठा आणि वर नाहीसा झाला असता. व्हॉल्व्ह क्लिअरन्सचं असतं तरी तो आरपीएमबरोबर बदलला असता. दोन्ही प्लग बाहेर काढून पाहिले, कॉम्प्रेशन मोजलं, सारखंच.

इंजेक्टरांची अदलाबदल केली. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. लीनपणा इंजेक्टरबरोबर उजवीकडे गेला.

संध्याकाळी दोन्ही इंजेक्टर रेलसकट बाहेर काढून काचेच्या मोजपात्रांवर धरले. ईसीयूच्या टेस्ट मोडमध्ये पल्स मोजून दिल्या. एकाची फवारणी बारीक धुक्याची, शंकूसारखी पसरणारी. दुसऱ्याच्या शंकूत एका बाजूला फट दिसत होती आणि तिथून एक जाडसर धार थेट खाली पडत होती. पात्रांत ५० मिलिलिटरला ४८. जाळी काढून इंजेक्टर अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवला, चालू-बंद करत धुतला, नवी जाळी, नवे ओ-रिंग. परत मोजलं तेव्हा दोन्ही पात्रांतली पातळी एका रेषेत.

दोन सिलिंडरच्या इंजिनावर एकाच हेडरचा लॅम्डा बघून मॅप बनवणं मला पटत नाही. उजव्यावर छान जमलेला हा मॅप पूर्ण थ्रॉटलला डाव्या पिस्टनला चार टक्के लीन ठेवून पळाला असता.

९ नोव्हेंबर

दोन्ही बाजूंचा क्रूझिंगचा भाग जुळला. फरक एका टक्क्याच्या आत.

१६ नोव्हेंबर

डायनो. मागचं चाक रोलरवर, पट्ट्यांनी गाडी घट्ट बांधलेली, समोर मोठा पंखा, एक्झॉस्ट बाहेर खेचणारी नळी. लोड धरणारा डायनो असल्यामुळे एकेका आरपीएमला थांबून पूर्ण थ्रॉटल मोजता आला. दोन पाळ्यांच्या (मोजणीच्या फेऱ्यांच्या) मध्ये हेड थंड होऊ दिलं.

लक्ष्य ०.८७. सर्वाधिक जोर साधारण ०.८५ ते ०.९० च्या पट्ट्यात मिळतो. त्यातलं थोडं रिच टोक घेतलं, कारण या इंजिनात वाफ होताना पेट्रोल जी उष्णता शोषतं तिचा उपयोग आहे.

६००० पर्यंत सुरळीत. तिथून पुढे लॅम्डा वर चढू लागला. ६५०० ला ०.९०, ७००० ला ०.९४. तिथेच थ्रॉटल सोडला. प्रत्येक पाळीत तेच.

सॉफ्टवेअर सुचवत होतं की ७००० ची व्हीई ९१ वरून ९८ करा. करता आली असती. लॅम्डा जुळला असता. पण टॉर्कची रेषा ५२०० ला माथा गाठून खाली उतरत होती. सिलिंडर भरण्याचं प्रमाण आणि टॉर्क ढोबळमानाने एकत्र चढतात, एकत्र उतरतात. टॉर्क पडत असताना व्हीई वाढवावी लागत असेल तर इंजिन जास्त हवा घेत नाहीये, त्याला पेट्रोल कमी मिळतंय. इंजेक्टरचा ड्यूटी सायकल (चक्रातला किती वेळ तो उघडा असतो ते) तेव्हा पासष्ट टक्क्यांच्या आसपास, म्हणजे इंजेक्टर थकलेला नाही.

इंधन दाबाचं गेज रेलवर आहे. रेग्युलेटर मॅनिफोल्डच्या दाबाला जोडलेला असल्याने आयडलला काटा २.४५ वर थरथरतो आणि पूर्ण थ्रॉटलला ३ वर यायला हवा. त्यावर कॅमेरा लावून पुढची पाळी घेतली. ५५०० ला ३.०. ६२०० ला २.८. ७००० ला २.५५.

इंजेक्टरमधून जाणारं इंधन दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं. २.५५ भागिले ३ म्हणजे ०.८५, त्याचं वर्गमूळ ०.९२. आठ टक्के इंधन कमी. ०.८७ ला ०.९२ ने भागलं की ०.९४ ते ०.९५ येतात, आणि गेज ०.९४ दाखवत होतं. कागदावरचं उत्तर आणि लॉग इतके जवळ आले की आणखी काही शोधायची गरज उरली नाही.

पंपाच्या टर्मिनलवर व्होल्टेज १३.६, म्हणजे वीज पुरेशी. मग उरला फिल्टर. तो घरी आणून करवतीने उभा कापला. कागदाच्या घड्या पंपाकडच्या बाजूने तांबूस-तपकिरी झालेल्या, बोटाला मऊ भुकटी लागते. टाकी जुनी, लोखंडी. कार्ब्युरेटरच्या काळात हा बारीक गंज फ्लोट बोलच्या तळाशी बसून राहत होता आणि गाडी चालत होती. इंजेक्शनचा पंप तो सतत फिरवत राहतो. डाव्या इंजेक्टरची जाळी तुंबण्याचं कारणही बहुधा हेच.

३० नोव्हेंबर

टाकी आतून साफ करून, गंज काढून, कोटिंग करून पूर्ण सुकवली. नवा फिल्टर, आणि पंपाच्या आधी एक जाळीचा फिल्टर.

डायनोवर परत. दाब ७५०० पर्यंत ३ बारवरून हलला नाही. ७००० ला लॅम्डा ०.८७, व्हीईला हात न लावता. तिथे ९८ घातले असते तर आज नव्या फिल्टरवर हीच गाडी ०.८१ वर, काळा धूर काढत धावली असती.

३ डिसेंबर

डायनोचे लॉग मॅपमध्ये घातले. ६० ते १०० टक्के थ्रॉटलच्या ओळी जवळजवळ एकसारख्या निघाल्या. तिथल्या दोन ओळी काढून टाकल्या आणि त्या १० ते ३० टक्क्यांच्या पट्ट्यात आणल्या.

७ डिसेंबर

ॲक्सिलरेशन एनरिचमेंट. स्थिर मॅप पूर्ण होईपर्यंत मी याला मुद्दाम हात लावला नव्हता. मूळ टेबल लीन असेल आणि वरून हा जादा डोस मोठा असेल तर दोन्ही दोष एकमेकांना झाकतात. गाडी बरी वाटते, पण तापमान बदललं की पिकअप गडबडतो.

थ्रॉटल झटकन उघडला की हवा लगेच आत येते. पेट्रोलचा काही भाग मात्र पोर्टच्या भिंतीवर चिकटतो, तिथला थर जाड होईपर्यंत सिलिंडरला कमी मिळतो. ही तूट भरायची. आधी एनरिचमेंट शून्य करून ३००० वर स्थिर चालत असताना थ्रॉटल उघडला. गाडी क्षणभर कापली, लॉगमध्ये लॅम्डा १.२ च्या वर. मग थोडं थोडं वाढवत नेलं. लीन टोक नाहीसं होऊन लॅम्डा क्षणभर ०.८५ पर्यंत उतरतो आणि परत जागेवर येतो, तिथे थांबलो. इथे फक्त गेजवर विसंबता येत नाही, कारण मिसफायर झाला तरी न जळलेला ऑक्सिजन सेन्सरला लीनच दाखवतो. हाताला काय जाणवतं त्याला इथे गेजइतकंच वजन दिलं.

हळू उघडण्याला छोटा डोस, झटक्याला मोठा. इंजेक्टर व्हॉल्व्हच्या जवळ असल्यामुळे एकूण डोस अपेक्षेपेक्षा बराच कमी लागला.

१४ डिसेंबर

गरम इंजिन दहा मिनिटं बंद ठेवून परत सुरू केलं की पहिला मिनिटभर आयडल डगमगतं, लॅम्डा १.०५. थोडं चालवलं की ठीक.

लॉग पाहिला. हवेच्या तापमानाचा सेन्सर एअरबॉक्समध्ये, सिलिंडरच्या मागे. उभ्या गाडीत तो इंजिनाच्या उष्णतेने ६० अंशांवर जातो. बाहेरची हवा २५ ची. ईसीयूला वाटतं हवा विरळ आहे. निरपेक्ष तापमानाच्या हिशेबाने २९८ भागिले ३३३ म्हणजे ०.८९५, आणि ईसीयू साडेदहा टक्के इंधन कापतं. आत शिरणारी हवा प्रत्यक्षात तेवढी तापलेली नसते, तापलेलं असतं ते सेन्सरचं धातूचं आवरण.

दोन उपाय केले. सेन्सर उघड्या टोकाचा घेतला आणि हवा आत शिरते त्या तोंडाजवळ हलवला. ५० अंशांच्या पुढची करेक्शनची रेषा सपाट केली. डगमग गेली.

२१ डिसेंबर

डोंगराळ रस्त्यावर समुद्रसपाटीपासून हजार मीटर वरपर्यंत. एवढ्या चढावर हवेचा दाब अकरा-बारा किलोपास्कलने उतरतो. थ्रॉटलवर चालणाऱ्या भागाला हे आपोआप कळत नाही, म्हणून वातावरणाचा दाब मोजणारा दुसरा सेन्सर जोडला होता. तो नसता तर वर पोचेपर्यंत मिश्रण अकरा टक्क्यांहून जास्त रिच झालं असतं. पायथ्याला ०.९६, माथ्यावर ०.९५. अभिमान वाटावा असा लॉग.

२८ डिसेंबर

ईजीओ करेक्शन सुरू केलं, पण फक्त क्रूझिंगच्या पट्ट्यात आणि फक्त अधिक-उणे पाच टक्क्यांच्या मर्यादेत. रोजच्या वापरात ते दोन टक्क्यांच्या आत खेळतं. ते सतत एका बाजूला चार-पाच टक्क्यांवर जाऊन टेकलं तर काहीतरी बदललं आहे असं समजायचं. फिल्टर, दाब, सांधा, अर्थ, याच क्रमाने शोधायचं, टेबल उघडायचं नाही.

मॅपची फाइल तारखेसकट तीन ठिकाणी ठेवली. सोबत त्या दिवशीचा इंधन दाब, डेड टाइम, प्लगचा गॅप आणि सेन्सर कोणत्या बाजूला होता ते लिहिलेली मजकूर फाइल. नुसत्या मॅपवरून पुढच्या वर्षी काही कळत नाही.

४ जानेवारी

राहिलंय ते थंड इंजिनाचं टेबल, वॉर्मअप एनरिचमेंट. हे घाईने होत नाही. इंजिन रात्रभर थंड झालं की सकाळी प्रत्येक तापमानातून ते एकदाच जातं, आणि तेवढ्यात त्या घराचा आकडा बघून घ्यायचा. २० अंशांना १३५ टक्के, ४० ला १२०, ६० ला १०९ इतपत बसले आहेत. २० च्या खालची घरं सध्या रेषा पुढे ओढून भरली आहेत. तेवढी थंड सकाळ मिळेल तेव्हा त्यांचा लॉग घेईन. इग्निशन टेबल त्यानंतर, डायनोवर, या इंधन मॅपला हात न लावता.